परिशिष्टच नाहीये

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

साताऱ्याकडून एका मुलीचा फोन आला. बी.ए.ला आहे. "मॅडम, माझ्या आजीच्या ओव्या तुमच्या प्रबंधात आहेत ना? शोधगंगावर प्रबंध सापडला, पण आजी काही सापडत नाही." (शोधगंगा म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवायचं संकेतस्थळ.)

मी म्हटलं, अगं, परिशिष्ट बघ, शेवटची फाईल. "मॅडम, परिशिष्टच नाहीये."

उघडून पाहिलं. खरंच नाही. टायटलची फाईल आहे, सर्टिफिकेट आहे, माझं प्रतिज्ञापत्र आहे, गाईडची सही आहे, सगळी प्रकरणं आहेत. ग्रंथसूची आली की संपलं. 32 बायकांची नावं, गावं, त्यांच्या तोंडच्या ओव्या, शंभरेक पानं, गायब! मी त्या बायकांवर काय म्हटलं ते जपून ठेवलंय, त्या काय म्हणाल्या ते नाही.

2011 साली सादर केला होता. यूजीसीचा 2009 चा नियम नवा होता, छापील प्रतींबरोबर सीडी द्यायची. खिडकीतल्या गृहस्थांनी काळ्या रेक्झिनवरून बोट फिरवून बाइंडिंग तपासलं, कण्यावरची सोनेरी अक्षरं वाचली, एका प्रतीवर साल पुसट आलंय म्हणून मला परत बाइंडरकडे पिटाळलं. सीडी? ती कागदी पाकिटातून बाहेरसुद्धा काढली नाही. शिक्का मारला. मी पेढे वाटले.

आणि त्या आजी. जातं केव्हाच गोठ्यात जाऊन पडलं होतं, तरी गाताना हात आपोआप गोल फिरायचा. दोन दुपारी गायल्या. निघताना म्हणाल्या, "माजं नाव लिवलंस का गं, का नुस्तंच गानं घितलंस?" मी वही उघडून दाखवलं. म्हटलं, आता हे विद्यापीठात राहणार, कायमचं.

कायमचं म्हणे!

बरं, ज्या फाईली आहेत त्यांची तरी काय गत? श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना मराठी दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी नुसती रोमन अक्षरांची खिचडी. कॉपी करून चिकटवून बघा, हसाल. 'ओवी' शोधलं तर ओव्यांवरच्या प्रबंधात ओवी सापडत नाही. त्या काळातल्या किती मराठी प्रबंधांचं हेच झालं असेल, आणि एकाही विभागाला त्याचं सोयरसुतक नाही. आता नवीन मुलांना मजकुरातलं साम्य 10 टक्क्यांच्या आत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. प्रबंध पूर्ण चढवल्याचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही.

हो, मान्य. शोधगंगा नसती तर ही मुलगी माझ्यापर्यंत पोचलीच नसती. पूर्वी प्रबंध नुसता चाळायचा तरी गाईडचं पत्र, अर्ज, आणि वर 'झेरॉक्स मिळणार नाही'. ती चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचाही दोष नाही, विद्यापीठं चढवतील तेच तिथे दिसणार. ग्रंथालयातली माणसं कंत्राटी आहेत तेही ठाऊक आहे. पण शेवटची एक फाईल चढवायला कितीसा वेळ लागतो हो?

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गोळा करवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांपैकी कितीतरी आज 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, कुठे कुठे आवाजसुद्धा. म्हणजे मनात असलं की होतं.

दुपारी ग्रंथालयाला मेल लिहायला बसले आणि लाजच वाटली. प्रबंध शोधगंगावर आला तेव्हा मी काय केलं होतं? माझं नाव दिसतंय तेवढं पाहिलं, स्क्रीनशॉट काढला आणि इथेच टाकला. तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलंत. परिशिष्ट मीही उघडून पाहिलं नाही. एकदाही नाही.

मेल पाठवलाय. सीडी कपाटात सापडली, पण लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. कोणाकडे जुना चालू कॉम्प्युटर असेल तर सांगा, खरंच सांगा.

तोवर घरच्या प्रतीतल्या आजींच्या पानाचा फोटो काढून त्या मुलीला पाठवला. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या, हे मला तेव्हा कळलं. बराच वेळ नुसत्या निळ्या खुणा. मग उत्तर आलं: "मॅडम, नाव बरोबर आहे. गाव आमचं नाही. आजीने तुम्हाला माहेरचं सांगितलंय."