गॅडोलिनियम पावडर 'बनावट' असल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

आमची 25 ग्रॅम गॅडोलिनियम पावडर पट्टी चुंबकाला चिकटली नाही, म्हणून ती बनावट आहे, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय मुलांसमोर प्रयोग फसला, हेही. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण यात चूक आमचीच आहे. पण ती मालात नाही.

गॅडोलिनियमचं क्यूरी तापमान साधारण 20 अंश सेल्सिअस आहे. त्याच्या खाली हा धातू लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो. वर गेला की अणूंच्या चिमुकल्या चुंबकांची एका दिशेची रांग मोडते आणि ओढ झपाट्याने कमी होते. तुम्ही प्रयोग केलात एप्रिलच्या दुपारी, नागपुरात. जबरदस्त निओडिमियम चुंबकाकडे पावडर तेव्हाही थोडी सरकली असती, शाळेतल्या पट्टी चुंबकाकडे नाही. खरं सांगतो, त्या उकाड्यात ती लोखंडासारखी चिकटली असती, तर त्यात लोखंडाची भेसळ आहे का, अशी शंका मलाच आली असती.

कृपया एकदा असं करून पाहा. बाटलीचं बूच घट्ट लावून ती प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग काचेबाहेरून चुंबक फिरवा. बाटली हातात धरून हळूहळू गरम होऊ द्या आणि पकड सुटताना मुलांना बघू द्या. लोखंडाची पकड सुटायला 770 अंश लागतात, ते वर्गात दाखवता येत नाही, हे येतं. गार बाटली मात्र उघडू नका, आत दव धरतं.

याहून बारीक, नॅनो पावडर दिली असती तर चुंबकत्व वाढलं असतं, असंही तुम्ही म्हटलंय. तसं होत नाही. कण जितका लहान, तितका त्याचा जास्त भाग हवेला उघडा. गॅडोलिनियमसारख्या रेअर अर्थ गटातल्या धातूंची अतिबारीक पावडर हवेत भराभर ऑक्साइड होते, पेटही घेऊ शकते. गॅडोलिनियमचा ऑक्साइड पांढरा असतो आणि बर्फात ठेवला तरी धातूसारखा चिकटत नाही. म्हणून शाळेला नॅनो पावडर मी देत नाही, मागितली तरी.

आता आमची चूक. क्यूरी तापमान लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असायलाच हवी होती, ती नव्हती. तुम्ही दोनदा फोन केलात, तोही उचलला गेला नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ती चिठ्ठी आता प्रत्येक बाटलीला चिकटवूनच जाते.

बर्फात ठेवूनही पावडर हलली नाही, तर ती बाटली उघडी राहून खराब झाली असेल. तशीच परत पाठवा. तिच्या बदल्यात त्याच वजनाचा धातूचा तुकडा पाठवतो, कुरिअरचा खर्च दोन्ही वेळचा आमचा. वर्गासाठी तुकडाच बरा, तो पावडरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तुम्ही मागणी नोंदवलीत तेव्हाच मी हे विचारायला हवं होतं.