पेटंट कडक केलं की लोटे एमआयडीसीत लॅब येईल?

खेड-चिपळूण भागात सध्या एक संदेश फिरतोय : ‘भारताचा पेटंट कायदा दुबळा, म्हणून परदेशी कंपन्या कोकणात फक्त कारखाने टाकतात, संशोधन नाही. कलम ३(ड) काढा, लोट्यात लॅब येतील, पोरं मुंबईला जाणार नाहीत.’ (३(ड) म्हणजे पेटंट कायद्यातलं ते कलम, जे जुन्याच औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला, गुण वाढला नसेल तर, पेटंट नाकारतं.) शेवटची इच्छा रास्त आहे. कारण मात्र चुकीचं दिलंय.

‘कायदा दुबळा म्हणून लॅब नाही.’ कायदा देशभर एकच आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात चिप-डिझाइनचं केंद्र काढलं ते १९८५ साली. तोच कायदा बंगळुरात लॅब आणतो आणि लोट्यात अडवतो, असं कसं होईल?

‘इथे शोध लागला तर इथेच संरक्षण हवं.’ खरी गफलत इथे आहे. पेटंट त्या-त्या देशापुरतं असतं, आणि कंपनी ते घेते माल विकायच्या देशात. प्रयोगशाळा कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. लोट्यात सापडलेल्या रेणूचं पेटंट अमेरिकेत, जपानमध्ये, युरोपात घेता येतं. ३(ड) तिथे लागू नाही.

आपल्याकडची अट वेगळीच आहे. शोधक भारतात राहत असेल, तर कलम ३९ प्रमाणे आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून परदेशी अर्जाची परवानगी घ्यायची. ती साधारण २१ दिवसांत निकाली निघते. घाईत थेट अमेरिकेत अर्ज केला, तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात आणि कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. भारतात पहिला अर्ज केल्यावर परदेशासाठी १२ महिने मिळतात. तारीख चुकली की अग्रहक्क, म्हणजे पहिल्या अर्जाची तारीख परदेशातही धरली जाण्याचा हक्क, गेला.

‘कायदा कडक झाला की लॅब येतात.’ औषधांच्या रेणूवर पेटंट १ जानेवारी २००५ पासून मिळू लागलं. तरी अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०१४ मध्ये बंगळुरातलं संशोधन केंद्र बंद करायचं ठरवलं. उलट मायक्रोसॉफ्टने बीजिंगमध्ये संशोधन केंद्र काढलं १९९८ साली, चीन जागतिक व्यापार संघटनेत जाण्याच्या तीन वर्षं आधी. नक्कल होईल अशा ठिकाणी कंपन्या कामाचे तुकडे पाडतात : एक तुकडा इथे, बाकीचे मुख्यालयात. एकटा तुकडा चोरून कुणाचं भागत नाही. राहिली गुपितं, ती पेटंट नव्हे, नोकरीचा करार आणि कुलूप राखतं.

मग अडतं कुठे? रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राचा चुंबक सतत अतिथंड ठेवावा लागतो; त्याला दर आठवड्या-दहा दिवसांनी द्रव नायट्रोजन आणि काही महिन्यांनी हेलियम लागतं. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की टँकर अडतो. हेलियम संपलं तर चुंबकच बंद पडतो. दुरुस्तीवाला इंजिनिअर पुण्या-मुंबईहून यायचा.

संदेशातली एक गोष्ट मान्य : जुन्या औषधाचं नवं रूप पेटंट घेऊन भारतात महाग विकायचं असेल, तर ३(ड) नडतं. नोव्हार्टिस कंपनीची ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाची केस २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात तिथेच अडली. पण तो विक्रीचा प्रश्न.

कोकणात खास जे करता येतं ते दुसरं आहे. हापूसला मोहर यावा म्हणून झाडाची वाढ रोखणारं कल्टार घालतात : २५ टक्क्यांचं औषध, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, म्हणजे आठ मीटरच्या कलमाला २४ मिली. औषध शोधलं परदेशी कंपनीने. पण हे माप जांभ्या जमिनीत आणि इथल्या पावसातच बसवावं लागतं. जास्त पडलं तर पेरं आखूड होऊन पालवी गुच्छासारखी येते.