कानडी बोलला म्हणजे बाहेरचा?

"सोलापूर सिव्हिलच्या खाटा कर्नाटकचे पेशंट अडवतात, आपल्या योजनेचा पैसा खातात, रोगराई आणतात. कानडी बोलणाऱ्याचं आधारकार्ड बघा, बाहेरचा निघाला की नाक्यावरूनच परत पाठवा. दिल्लीत असाच नियम आहे." हा मेसेज शहरात फिरतोय. मी सोडून दिला असता, पण मावसभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. त्याची सख्खी बहीण कर्नाटकातल्या इंडीला दिलीय, आणि तीही त्याच ग्रुपवर आहे!

कानडीवरून ओळखायचं म्हणे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमधल्या कितीतरी घरांत सगळा व्यवहार कानडीतच चालतो. हा नियम लावलाच, तर पहिली अडेल ती महाराष्ट्राचं रेशनकार्ड पदरात बांधलेली अक्कलकोटची म्हातारी.

नाक्यावर अडवण्याचं म्हणाल, तर तेही करून झालंय. मार्च 2020 मध्ये कर्नाटकाने केरळच्या हद्दीवर मातीचे ढिगारे टाकले, तलपाडीचा नाका बंद केला. केरळातल्या कासरगोडचे लोक उपचाराला कर्नाटकातल्या मंगळुरूला जाणारे. रुग्णवाहिका परत फिरल्या, काही माणसं दगावली. शेवटी 1 एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाला केंद्राला सांगावं लागलं की रुग्णांसाठी वाट मोकळी करा. तोच कित्ता आपण सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या टाकळीच्या पुलावर गिरवायचा का?

आता दिल्ली. तिथल्या गुरू तेगबहादूर रुग्णालयात 2018 मध्ये 80 टक्के खाटा दिल्लीकरांना राखून ठेवल्या होत्या, हे खरं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. सरकारी दवाखान्यात राहत्या पत्त्यावरून भेदभाव करणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 चा भंग, असं स्पष्ट म्हटलं. मेसेज लिहिणाऱ्याने गोष्ट अर्ध्यावर तोडलीय, मुद्दाम की अडाणीपणाने ते त्यालाच ठाऊक.

"आपल्या योजनेचा पैसा खातात." राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेला महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं, पण बिल रुग्णाच्या राज्याकडे जातं. एक मान्य करतो: सीमाभागातल्या 865 गावांना फुले योजना द्यायचं 2023 मध्ये ठरलं. पण ते ठरवलं महाराष्ट्र सरकारनेच, आणि ती गावं आपली म्हणून. त्यावर कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईच चिडले होते.

सिव्हिलला रांग असते, तीही खरी. धाराशिवचेही पेशंट त्याच रांगेत असतात. त्यांच्यावर मेसेज नाही निघाला. आणि अक्कलकोटचा हृदयरोगी कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात जातो, त्याचं काय करायचं?

राहिलं "रोगराई आणतात". टीबीची औषधं देशभर सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, नोंदही देशभर एकाच निक्षय पोर्टलवर होते, ती उगाच नाही. हाकलून दिलेल्या पेशंटच्या गोळ्या मध्येच सुटल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होतो, आणि विजयपूर-सोलापूर एसटीत शेजारी बसलेल्याला तो आधारकार्ड बघून लागत नाही.