मेळघाटातलं ते शेकरूच होतं, दादा

नमस्कार दादा, तुमची कमेंट सकाळीच वाचली, पण उत्तर नीट द्यायचं म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. तुम्ही म्हणायलात की मेळघाटच्या पोस्टमधला फोटो शेकरूचा नाहीच, शेकरू तांबूस असतं अन् त्याची शेपूट फिकट, हे तर मागून काळंकुट्ट, म्हणजे ही आसामकडची काळी खार, अन् परभणीच्या माणसाला शेकरू कुठून कळणार.

तुमचं एक बरोबर आहे, ते आधी. मी "शेकरू म्हणजे सह्याद्रीतलं जनावर" असं लिहिलं अन् खाली फोटो टाकला मेळघाटचा, जो सातपुड्यात येतो. चूक माझी, वाक्य बदललंय. शेकरू सह्याद्रीत आहे, सातपुड्यात आहे, पूर्व घाटातही आहे, फक्त भारताबाहेर कुठं नाही.

आता रंग. तुम्ही बहुतेक भीमाशंकरचं शेकरू बघितलेलं असणार. १९८५ ला ते अभयारण्य झालं तेच मुळी शेकरूसाठी, अन् राज्यप्राणी म्हणून बोर्डावर, पुस्तकात सगळीकडं तिथलंच तांबूस शेकरू छापतात, त्यामुळं आपल्या डोक्यात तेच बसलंय. पण जात एकच असली तरी जंगल बदललं की रंग बदलतो. मध्य भारतातल्या शेकराच्या खांद्यावर, मागच्या भागावर अन् शेपटीवर काळा रंग येतो, पाठ मधे गडद तांबडी राहते. गुजरातेतल्या डांगकडं तर पार फिकट शेकराची नोंद झालेली आहे. म्हणून मी रंग सगळ्यात शेवटी बघतो, आधी बांधा.

फोटो जरा मोठा करून बघा. मागचे पाय फांदीवर घट्ट, पुढच्या दोन्ही पंजात फळ, अन् शेपूट फांदीच्या पलीकडं सरळ खाली सोडलेली, तोल सांभाळायला. ही बसायची पद्धत एवढ्या जड अंगाच्या खारीचीच. डोकं धरून अंग फूट-सव्वा फुटाचं, शेपूट त्याहून लांब, वजन दीड-दोन किलो, अन् आपल्या दारातल्या चिंचेवर पळणारी पट्ट्यांची खार भरते शंभर ग्रॅमच्या आसपास. पंजा रुंद, नखं दणकट, कान आखूड अन् गोल, अन् दोन कानांच्या मधे फिकट ठिपका आहे, तो फोटोत थोडा पुसट आलाय पण आहे. गाईडनं शेजारच्या झाडावरचं घरटंही दाखवलं, काटक्या-पानांचा गोल गोळा, बारीक फांद्यांच्या टोकाकडं बांधलेला जिथं जड जनावर चढून येऊच शकत नाही. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. मी अर्धा तास मान वर करून तेच बघत बसल्तो, फोटो काढायचं सुद्धा विसरलो.

आता तुमची काळी खार. तिला वरून तांबडं काहीच नसतं, सगळी पाठ अन् शेपूट गडद, पोट पिवळसर. फोटोत पाठीवर तांबडा भाग स्पष्ट दिसायलाय. शिवाय ती ईशान्य भारतात राहते, तिथून पुढं पार जाव्यापर्यंत, मधला सगळा मुलूख सोडून मेळघाटात कामून येईल? भारतातली तिसरी मोठी खार करड्या रंगाची, ती दक्षिणेत तामिळनाडू-केरळकडं, तिचा इथं प्रश्नच नाही.

खाली आणखी एकांनी उडती खार म्हटलंय, त्यांना पण इथंच सांगतो. उडती खार रात्री निघते, हे दिवसाढवळ्या दहा वाजता खात होतं, अन् पुढच्या-मागच्या पायांच्या मधे कातडीचा पडदा कुठं दिसत नाही.

परभणीचं बोललात ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं जंगल लई कमी, किनवट-माहूरकडं साग आहे तेवढाच मोठा पट्टा, अन् तिथं शेकरू आहे असं मी कुठं लिहिलेलं नाही. पण जे दारात दिसत नाही ते बघायला आम्ही रात्रभर प्रवास करून जातो अन् बघून आल्यावर चार दिवस त्याच्याबद्दल वाचत बसतो. उद्या कुणी तुमची कमेंट वाचून "मेळघाटात काळी खार सापडली" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तर ते खरं धरणारे हजार निघतील, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुमच्याकडं भीमाशंकरचे फोटो असतील तर जागा अन् तारीख टाकून पाठवा. दोन्ही शेजारी-शेजारी लावून तुमच्या नावानं टाकतो, म्हणजे रंगाचा फरक सगळ्यांनाच बघायला मिळेल.