पाणनिवळी दिसली म्हणून टाक्यातलं पाणी पिऊ नका

पावसाळी ट्रेकचा हंगाम आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो: ‘गडावरच्या टाक्यात पाण्यावर पळणारे कोळी दिसले तर पाणी बिनधास्त प्या. पायांना तेल असतं म्हणून ते बुडत नाहीत, डासांच्या अळ्या फस्त करतात आणि घाण पाण्यात जगत नाहीत.’ तीन ओळींत एवढ्या चुका जमवणं सोपं नाही.

कोळी नव्हेत ते. ही पाणनिवळी, ढेकणाच्या गोतातली. (काही भागांत पाण्यावर गरगरणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यालाही निवळीच म्हणतात.) कोळ्याला आठ पाय, हिला सहा. वरून चारच दिसतात, कारण भक्ष्य धरायची आखूड जोडी तोंडापाशी असते. ऊन असेल तर टाक्याच्या तळाकडे बघा. पाय टेकतो तिथे पाण्याला खळगा पडतो, आणि तळावर लांबट काळे ठिपके सरकत असतात; किड्यापेक्षा सावलीच ठसठशीत.

तेलाचं म्हणणं अर्धवट. पायांवर मेणचट थर असतो, पण तेवढ्याने भागत नाही. हजारो सूक्ष्म केस, प्रत्येक केसावर त्याहून बारीक खाचा, त्यांत अडकलेली हवा, म्हणून पाय भिजत नाही. २००४ साली चिनी संशोधकांनी मोजलं: एकच पाय सगळ्या शरीराच्या सुमारे १५ पट वजन पेलतो.

डासांच्या अळ्या ती खाते, पण पृष्ठभागावर सापडतील तेवढ्याच. चाहूल लागली की अळी खाली बुडी मारते. आणि डेंग्यूचा डास वाढतो घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत. तिथे ही कुठून येणार?

आता मुख्य मुद्दा, कारण यातच माणसं आजारी पडतात. पाणनिवळी पाण्याच्या पाठीवर राहते, पोटात नाही. श्वास हवेतून घेते. पाण्यात पडून धडपडणारा किडा तरंगांवरून ओळखते आणि सोंड खुपसून त्याचा रस शोषते. पाण्यात टायफॉईडचे जंतू आहेत की काविळीचे विषाणू, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला चालत नाही तो साबण. वाटीभर पाण्यावर टिश्यूच्या तुकड्यावरून अलगद सुई तरंगवा आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब सोडा. सुई क्षणात तळाला. पाणनिवळीचंही तेच होतं. म्हणजे ती दिसली तर फार तर एवढं कळतं, की वर कोणी नुकतेच कपडे धुतलेले नाहीत.

वरच्या कातळावर गुरं बसत असतील तर पहिल्या सरीबरोबर सगळं टाक्यातच उतरतं. पाणी गाळून घ्या, आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तरी उकळू द्या. निवळ्या बाजूला सारून ओंजळ भरू नका.