वर्ग निपुण कसा दाखवावा

गुरुजी, बाई, तुमची शाळा द्विशिक्षकी आहे, दुसरे गुरुजी बीएलओच्या, म्हणजे मतदारयाद्यांच्या, कामावर गेलेत आणि पहिली ते चौथी एकाच खोलीत बसलीय, हे सगळं मान्य. पण ही रडगाणी आता पुरे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून न शिकवता शिकवल्याचा पुरावा उभा करणं फार सोपं झालंय. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट २०२६-२७चं आहे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. आणि मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या जेमतेम २३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांना वाचायला शिकवत बसलात तर अहवाल कधी लिहिणार?

तेव्हा पाठाच्या टाचणापासून सुरुवात करा. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनेत, ‘रचनावादी’, ‘बालककेंद्री’ आणि ‘आनंददायी’ हे तीन शब्द न विसरता टाका. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच पाच पानी टाचण हजर. त्यात मुलं प्रोजेक्टरवर चित्रफीत बघून गटचर्चा करतात. प्रोजेक्टर तुमच्याकडे आहेच, फक्त बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलाय. पण हा तपशील टाचणात बसत नाही. टाचण वाचून बघायच्या फंदात पडू नका. साहेबही वाचत नाहीत, तेही ‘सारांश दे’ म्हणतात आणि आलेला सारांश वर धाडतात. वरच्या साहेबांकडे त्या सारांशांचा सारांश होतो. वाचन-लेखनाचं एवढं काम तालुक्यात आजवर कधी झालं नव्हतं, आणि त्यात कुणाच्या डोळ्यांना त्रास नाही.

मग भिंत. रंग उडालेली बाराखडी पुसून टाका आणि यंत्राकडून नवा, चकचकीत अक्षरतक्ता काढून घ्या. चित्रं अशी देखणी येतात की बघत राहावं. ज्वारीच्या ठिकाणी मक्याचं कणीस येईल, पण ते फार सुंदर येईल. अक्षरांकडे मात्र जवळून बघू नका. ‘ज्ञ’च्या पोटातून एक जादा शेपूट निघालेलं असतं, ‘क्ष’ची गाठ सुटलेली असते, आणि खालच्या ओळीत दोन-तीन अक्षरं अशी असतात की जी मराठीत नाहीत, हिंदीत नाहीत, संस्कृतातही नव्हती. तसाच तक्ता फ्लेक्सवर छापून घ्या. एखादी आगाऊ पोरगी बोट ठेवून विचारेलच, “बाई, ह्ये कंचं अक्षर?” तिला सांगा, “ते पुढच्या वर्षी आहे.”

आता वाचन. मुलाचं वाचन ऐकून चुका दाखवणारी ॲपं आहेत. गूगलचं ‘बोलो’ २०१९मध्ये आलं, पुढे त्याचं ‘रीड अलाँग’ झालं आणि ते मराठीतही चालतं. उगाच नावं कशाला ठेवा, कल्पना चांगली आहे. चाळीस मुलांचं वाचन एकेकट्यानं ऐकायला एका शिक्षकाला दिवस पुरत नाही, आणि घरी ऐकायला कुणी नसलेल्या मुलाला निदान फोन तरी ऐकेल. अडचण एवढीच की वर्गात फोन एक, तोही तुमचा, हप्त्यावर घेतलेला. त्यावरच हजेरी भरायची, त्यावरच खिचडीची माहिती द्यायची, आणि रेंज हवी तर शाळेमागच्या टेकाडावर जायचं. चाळीस पोरांना टेकाडावर न्या. क्षेत्रभेट म्हणून नोंदवता येईल.

घरी पावरी किंवा मावची अशी आदिवासी बोली बोलणारं पोर ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं आणि यंत्रानं चूक दाखवली, तर वाद घालू नका. यंत्रासमोर त्याला बसवूच नका. डॅशबोर्डवर उगाच लाल रंग दिसतो, आणि लाल रंग दिसला की वरून फोन येतो. त्यापेक्षा वर्गातलं चुणचुणीत पोर निवडा. प्रत्येक वर्गात एक असतंच, ज्याला अख्खा धडा तोंडपाठ असतो. त्याला उभं करा, ॲप चालू करा. सुरेख, न अडखळता, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवेल. ॲपला फक्त कान आहेत, पोराची नजर कुठे आहे ते त्याला कळत नाही.

व्हिडिओ मात्र वर पाठवायचा असतो. तेव्हा चित्रीकरण सुरू करण्याआधी पोरानं पुस्तक सुलटं धरलंय ना, तेवढं बघून घ्या.