पीडीए (हृदयाजवळची जन्मानंतर न मिटलेली नळी) बंद करायला छाती उघडावीच लागते असं नाही

लेखात लहान मुलांच्या पीडीएबद्दल छान लिहिलंय पण एक गोष्ट अजून सांगायला पाहिजे होती बघा. आमच्या सोलापुरात पूर्वभागात कितीतरी आया विड्या वळत वळत बाळ सांभाळतात, बाळ दूध पिताना मधेच थांबतंय, कपाळावर घाम, वजन वाढेना, सारखा न्यूमोनिया, तर म्हणतात दात येत असतील. माझ्या भाचीचं असंच होतं, शेवटी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं की जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटायला पाहिजे ती महाधमनी आणि फुफ्फुसाच्या धमनीमधली नळी उघडीच राहिलीय, म्हणून जास्तीचं रक्त फुफ्फुसात जातंय. वहिनी ऑपरेशन म्हटल्यावर रडायलाच लागली, पण जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून नायटिनॉल नावाच्या धातूच्या जाळीचं बूच बसवलं, छातीला टाका नाही, फक्त जांघेत पट्टी आणि पाय सरळ ठेवायचा, तेच पोरीला नको होतं! अंगणवाडीत आरबीएसकेचे (सरकारच्या बाल आरोग्य तपासणी कार्यक्रमाचे) डॉक्टर तपासायला येतात तेव्हा पोरांना न्याच, फुकट असतंय. आणि हे बूच (डिव्हाइस) बसवल्यावर पहिले सहा महिने दाताचं काही काम करायचं असेल तर आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, अँटिबायोटिक लागतं.